अधोमुख श्वान आणि मी

डॉक्टरांनी माझ्या कंबरेसाठी योगासनं सांगितली, तेव्हा त्यात कुत्र्याचा काही संबंध नव्हता. चित्रकलेचा शिक्षक म्हणून बत्तीस वर्षं मी मुलांच्या कागदांवर वाकलो. निवृत्त झालो तेव्हा ध्यानात आलं, की नोकरी संपली तरी वाकणं काही संपलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता जरा उलट्या बाजूनं वाका." एवढ्या एका वाक्याचे त्यांनी तीनशे रुपये घेतले. चित्रकलेच्या शिक्षकाला एका वाक्याचे कधी कुणी इतके दिले नाहीत.

तर एका पहाटे मी सोप्यात सतरंजी अंथरली. शहरातल्या लोकांची समजूत असते, की आमच्याकडे कोंबड्याच्या आरवण्यानं जाग येते. हुपरीत ती हातोडीनं येते. गाव चांदीचं. कुणाच्या माडीवर ठोकाठोकी चाललेली, कुणाच्या भट्टीवर आटणी, आणि समोरच्या उंबऱ्यात बायका पैंजणांना घुंगरं लावत बसलेल्या. देशभरच्या पायांत जे छुमछुमतं, त्यातलं बरंचसं आधी आमच्या गल्लीत वाजून गेलेलं असतं. अशा गावात डोळे मिटून मन शांत करायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून हिशेब तपासण्यातला प्रकार. तरीही मी बसलो.

पुस्तकात पाहून पहिलंच आसन घेतलं ते अधोमुख श्वानासन. हात पुढे टेकायचे, पाय मागे, बैठक आभाळाकडे, मान खाली. मान खाली गेली आणि माझ्याच दोन पायांमधून मला दारात उभा असलेला मोत्या दिसला. उलटा. मोत्या हा आमच्या गल्लीचा कुत्रा. म्हणजे तो कुणाचाच नाही आणि भाकरीच्या वेळी सगळ्यांचा. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत आला, सतरंजीच्या कडेला उभा राहिला, पुढचे पाय लांब केले, छाती जमिनीला लावली, शेपटीकडचा भाग वर उचलला, एक लांबलचक जांभई दिली. मग अंग पुढे सरकवून मागचे पाय एकेक करून ताणले आणि जाऊन भिंतीकडेला पडला. अधोमुख, ऊर्ध्वमुख आणि शवासन, तिन्ही मिळून दहा सेकंद. मी अजून पहिल्याच्या पहिल्या पायरीवर थरथरत होतो.

आमची ही चहा घेऊन आली. म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला शिकवताय की तो तुम्हाला?"

तेव्हापासून आम्ही दोघं रोज योगासनं करतो. म्हणजे मी करतो. तो करून मोकळा होतो.

ही गोष्ट मी मोठ्या कौतुकानं अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर सांगितली. मला वाटलं, तो हसेल. तो अजिबात हसला नाही. म्हणाला, "मामा, इथं याला डोगा म्हणतात. डॉग अधिक योगा. त्याचे वर्ग असतात, फी असते." मग त्यानं सविस्तर माहिती दिली. हे शतक उजाडता उजाडता अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला. सुझी टायटेलमन नावाच्या योगशिक्षिकेचं नाव त्यात पुढे घेतलं जातं. मालकानं सतरंजीवर आसनं करायची आणि कुत्र्याला सोबत घ्यायचं. कधी त्याला पोटाशी धरायचं, कधी त्याचे पाय हलकेच ताणायचे. पुढे पुढे तर माणसांच्या वर्गात भाड्यानं कुत्र्याची पिल्लं सोडण्याची टूम निघाली. ती इतकी बोकाळली, की इटलीच्या आरोग्य खात्याला २०२४ साली सांगावं लागलं, बाबांनो, असल्या कामाला पिल्लं नकोत, मोठी कुत्री घ्या. पिल्लांची झोप आणि प्रकृती बिघडते. म्हणजे योगामुळे माणसाला शांत झोप लागते ती पिल्लाच्या वाटणीची, असा त्यातला हिशेब.

आणि आपणही मागे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा योगदिन ठरवला, २०१५ पासून तो साजरा होऊ लागला आणि २०१९ च्या योगदिनाला आपल्या लष्कराच्या श्वानपथकातली कुत्री जवानांबरोबर आसनं करतानाची छायाचित्रं देशभर फिरली. ती मी पुनःपुन्हा पाहिली. कुत्री शिस्तीची होती. पण मोत्याच्या त्या जांभईची सर काही त्यांना नव्हती. हुकमावरून आळस देता येत नाही, हे त्या बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पंधरा दिवसांनी भाच्यानं ओळखीच्या माणसाबरोबर एक कॅलेंडर पाठवलं. बारा महिने, बारा कुत्री, बारा आसनं. आणि इथून माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. बत्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या चित्रांना दहापैकी गुण दिले, त्याच्या हातात कुणी बारा चित्रं ठेवली तर तो गप्प कसा बसेल?

जानेवारीत एक गुबगुबीत कुत्रा पद्मासनात बसलेला. मार्चमध्ये एक जण शीर्षासन करतोय. जुलैत एकानं दोन पंजे छातीशी जोडून नमस्कार केलाय. ऑक्टोबरमधला एका पायावर वृक्षासनात उभा. खरी छायाचित्रं संगणकावर सांधून ती केलेली आहेत हे उघड आहे. सफाई पाहाल तर दहापैकी नऊ. आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस ते कॅलेंडर पाहून पोट धरून हसला. मीही पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी थोडा कमी हसलो. तिसऱ्या दिवशी जानेवारी पाहिला आणि मला कसंतरीच वाटायला लागलं.

का, ते शोधायला दोन दिवस लागले. कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो गुडघा नसतोच. ती त्याची टाच असते. गुडघा वर पोटाजवळ असतो. कुत्रा आयुष्यभर चवड्यांवर चालतो. माणसाला जसं गळ्याखाली आडवं हाड असतं तसं त्याला जवळजवळ नसतंच, म्हणून त्याचे पुढचे पाय पुढे-मागे वाऱ्यासारखे धावतात, पण बाजूला फारसे उघडत नाहीत. त्याला मांडी घालणं शक्य नाही. मुलांना प्राणी काढायला शिकवताना हे मी फळ्यावर शंभरदा काढलं असेल. त्या जानेवारीच्या चित्रात कुत्र्याचं फक्त तोंड होतं, बाकी सगळा माणूस होता. चित्रकाराला कुत्रा नको होता, त्याला केसाळ माणूस हवा होता. कुत्र्याला आधीच येत असलेली गोष्ट सोडून, जी त्याला कधीच येणार नाही ती त्याच्या गळ्यात बांधायची आणि वर हसायचं, याला मी विनोद म्हणायला तयार नाही. वर्गात मी अशा चित्राला चार दिले असते. तेही रंग बाहेर गेले नाहीत म्हणून.

कुणी म्हणेल, मास्तर, जनावरांना माणसासारखं दाखवणं ही तर जुनी परंपरा आहे. आहे ना! मामल्लपुरमला सातव्या शतकातलं ते अवाढव्य दगडी शिल्प आहे. त्यात एक हाडं निघालेला तपस्वी हात वर करून एका पायावर उभा आहे. आणि खाली एका कोपऱ्यात एक मांजर अगदी तशाच थाटात हात वर करून तप करतंय, भोवती उंदीर जमलेत. सहलीत ते पाहिलं तेव्हा मी अर्धा तास तिथून हललो नाही. त्या शिल्पकारानं मांजराला हसवलंय, पण मांजराला हसलेला नाही. तो हसलाय ढोंगी तपस्व्याला. तोही खऱ्या तपस्व्याच्या शेजारी, त्याच दगडात. मांजर तप करतं ते उंदरांसाठी. म्हणजे ते शेवटपर्यंत मांजरच राहतं. कॅलेंडरातला कुत्रा मात्र कशासाठी मांडी घालून बसलाय हे त्यालाही ठाऊक नाही आणि चित्रकारालाही नाही.

उलट माणसानं कुत्रा व्हायचं ठरवलं तर काय होतं, त्याचीही एक जुनी गोष्ट पाली ग्रंथांत आहे. सेनिय नावाचा एक नागवा तपस्वी होता. त्यानं श्वानव्रत घेतलं होतं. कुत्र्यासारखं वागायचं, जमिनीवर टाकलेलं खायचं. त्याच्या मित्रानं बुद्धाला विचारलं, या व्रताचं फळ काय? बुद्ध म्हणाला, नको विचारू. तीनदा विचारल्यावर सांगितलं, व्रत पुरतं पार पडलं तर पुढचा जन्म कुत्र्याचा. सेनिय रडायला लागला. मला यात बुद्धाची सगळ्यात मोठी करुणा ही दिसते, की पहिल्या दोन वेळा तो गप्प राहिला. समीक्षकानं हे शिकण्यासारखं आहे. मी अजून शिकलेलो नाही.

आणखी एक मौज सांगतो. आपल्या जुन्या हठयोगात कुत्रा जवळजवळ नाहीच. घेरंडसंहितेत बत्तीस आसनं सांगितलीत. त्यात साप आहे, बेडूक आहे, मगर आहे, टोळ आहे, उंट आहे, कोंबडासुद्धा आहे. कुत्रा नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, औंधला त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आजही पाहावं असं, आणि सूर्यनमस्कारांचे तर ते मोठे प्रचारक. त्या नमस्कारांत हे डोंगरासारखं वर गेलेलं आसन आपण सगळ्यांनी शाळेत घातलं, पण तिथं कुत्र्याचं नाव त्याला कुणी घेतलं नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं जगभर गेलेलं इंग्रजी पुस्तक १९६६ साली निघालं. त्यात ते साध्या शब्दांत सांगतात, की हे आसन अंग ताणणाऱ्या कुत्र्यासारखं दिसतं. माझं सगळं म्हणणं त्या एका निरीक्षणात आहे. त्यांनी कुत्र्याला माणसासारखं बसवलं नाही, माणसाला कुत्र्याकडे पाहायला लावलं.

आणि योग्यापाशी कुत्रा बसलेला पाहायचा तर अमेरिकेला कशाला जायला हवं? आमच्यापासून नृसिंहवाडी जवळच. गाभाऱ्यात तिथं पादुका आहेत, पण बाहेरच्या दुकानांत दत्ताच्या तसबिरीच तसबिरी. रविवर्म्याच्या छापखान्यानंही दत्तात्रेय घराघरांत पोचवले होते. योग्यांचा योगी मधोमध उभा, पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्री. ती चार वेद आहेत असं आपण लहानपणापासून ऐकतो. आता चित्रकार म्हणून सांगतो, त्यातली कुत्री बहुधा वाईट काढलेली असतात. एक हमखास कोल्ह्यासारखं दिसतं, एक वासरासारखं. दहापैकी पाच. पण आजवर मी अशी एकही तसबीर पाहिली नाही, की ज्यात चारांपैकी एकानं मांडी घातलीय. साक्षात वेद, पण बसलेत कुत्र्यासारखे! कुणी कान टवकारलाय, कुणी वर बघतोय. त्या गरीब चित्रकाराला शरीरशास्त्र येत नव्हतं, पण कुत्र्याला कुत्रा राहू द्यायचं हे कळत होतं. थोरल्या शाहूमहाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान दिला असं सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे. पालखी मिळाली तरी त्याचा कुणी सरदार केला नाही. स्मारकावर कुत्राच आहे.

परदेशातसुद्धा हे कळणारे आहेत. विल्यम वेगमन नावाचा अमेरिकन चित्रकार १९७० पासून आपल्या करड्या शिकारी कुत्र्यांची छायाचित्रं काढत आला. पहिल्या कुत्र्याचं नाव मॅन रे. तो १९८२ साली गेला. वेगमननं आपल्या कुत्र्यांना झगे घातले, टोप घातले, माणसांचे हात जोडले. म्हणजे माझ्या हिशेबानं त्यालाही चारच मिळायला हवेत. पण देववत नाहीत. कारण त्या सगळ्या कपड्यांतून कुत्रा तुमच्याकडे असा बघतो, की चेष्टा तुमची होते. "तुमचं झालं का? मग मी जाऊ?" असं ते बघणं आहे. मोत्या पहिल्या दिवशी माझ्याकडे असाच बघत होता.

इतकी समीक्षा करून मी समाधानानं बसलो होतो, तोच समोरचा दादा आला. दादा म्हणजे माझा जुना विद्यार्थी. चांदीचा कारागीर. हात असा, की सहावीत असताना त्यानं काढलेला बैल मी अजून जपून ठेवलाय. त्यानं खिशातून फोन काढला आणि एक चित्र माझ्यापुढे धरलं. जानेवारी! तोच गुबगुबीत, तोच मांडी घातलेला.

"गुर्जी, मुंबईच्या एका दुकानदाराची ऑर्डर हाय. चांदीची किल्ल्यांची साखळी, तिला ह्यो कुत्रा. शंभर नग. योगदिनाच्या भेटीसाठी. तेवढं मागल्या पायाचं काढून द्या की. ढोपार कुटं वळवायचं त्येच्या लक्षात यीना झालंय."

मी त्याला सगळं ऐकवलं. टाच, गुडघा, मामल्लपुरम, दत्ताची तसबीर. दादानं शांतपणे ऐकून घेतलं. शाळेतही तो असाच ऐकायचा. मग म्हणाला, "तुमचं खरं हाय गुर्जी. पण पैंजणाचं काम आता यंत्रावर जायला लागलंय. चांदी गेल्या साली लाखाच्या फुडं गेली म्हणून गिऱ्हाईक वजनदार डाग घेईना झालंय. असलं हलकं, मजेशीर काय तरी इचारत्यात. कुत्र्याची मांडी मोडली तर मोडली, माझ्या पोरांची फी भरंल."

आता यावर कुठल्या समीक्षकापाशी उत्तर असतं? मी २०२५ साली चांदी लाखावर गेलेली वर्तमानपत्रात वाचली होती. दादानं ती भट्टीत पाहिली होती. मी निमूटपणे कागद घेतला. बत्तीस वर्षं जे चुकीचं म्हणून खोडलं, ते स्वतःच्या हातानं काढलं. कुत्र्याला ढोपर नाही तिथं ढोपर दिलं, गळ्याखाली हाड दिलं, दोन पंजे जोडून दिले. चित्र चांगलं झालं. हीच त्यातली वाईट गोष्ट.

काढत होतो तेवढा वेळ मोत्या भिंतीकडेला पडला होता. दादा त्याच्याकडे बघत बसला होता. मोत्या उठला, नेहमीसारखे पुढचे पाय ताणले, जांभई दिली. हल्ली त्याचे मागचे पाय थरथरतात. वय झालंय. उठताना एकदा भिंतीचा आधार घेतो, मग ताणतो. पण ताणल्याशिवाय चालायला लागत नाही.

आठ दिवसांनी दादा परत आला. कागदाच्या पुडीत दोन डाग होते. एक ऑर्डरीचा नमुना, पद्मासनातला. दुसरा पाहिला आणि मी चष्मा पुसून पुन्हा घातला. मोत्या होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. पुढचे पाय लांब, पाठीची कमान, तोंड जांभईत उघडं, आणि मागचा डावा पाय किंचित आत वळलेला. थरथर चांदीत काढता येत नाही, पण तिथं हात लावला तर ती लागेल असं वाटत होतं. मी काही बोललो नाही. बत्तीस वर्षांत दहापैकी दहा मी कुणाला दिले नव्हते. द्यायची सवय नसली, की वेळेला शब्द सापडत नाही.

"दुकानदाराला दोनी धाडलं हुतं," दादा म्हणाला. "पैला पास झाला. ह्यो परत आला. म्हणतोय, ह्यो योग कुटं करतोय? ह्यो तर नुसता आळस देतोय."

"मग आता?"

"आता काय? आटवायचा. चांदी अशी पडून ठिवायला परवडती का?"

आयुष्यात मी बरीच चित्रं नापास केली. पण नापास झालेलं चित्र वितळवतात, हे मला त्या दिवशी कळलं. आम्हा लोकांच्या लाल शाईनं फार तर कागद खराब होतो. मी म्हटलं, "आटवू नकोस. मी घेतो." दादा पैसे घ्यायला तयार होईना. मी चांदीचे घेतलेच पाहिजेत म्हणालो, तर मजुरी घेईना. "गुर्जींकडनं मजुरी?" म्हणाला. आम्ही बराच वेळ भांडलो. शेवटी मजुरीच्या बदल्यात मी त्याच्या धाकट्या पोराला चित्रकलेच्या परीक्षेसाठी शिकवायचं ठरलं. सौदा कुणाला महाग पडला हे निकालात कळेल.

आतून आमच्या हिचा आवाज आला, "एवढ्या वर्षांत मला पैंजण घ्या म्हटलं, तर म्हणालात हुपरीत राहून चांदी विकत कशाला घ्यायची? आणि आता कुत्रा?" हे बरोबर होतं. मी उत्तर दिलं नाही. बुद्धही पहिल्या दोन वेळा गप्प बसला होता.

तो चांदीचा मोत्या मी सोप्यातल्या कोनाड्यात ठेवला. कॅलेंडरही काढलेलं नाही. ते भाच्यानं प्रेमानं पाठवलंय, आणि जानेवारीनं दादाच्या घरी फी भरलीय. असल्या चित्राला चार द्यायचे की पाच, हे आता मला नक्की सांगता येत नाही. साडेचार ठेवले आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोत्या आला तेव्हा मी कोनाड्यातला डाग काढून त्याच्या नाकापुढे धरला. म्हटलं, बघ, कोण आहे. त्यानं एकदाच हुंगलं. भाकरीचा वास नव्हता, कुत्र्याचाही नव्हता. मान फिरवली, भिंतीचा आधार घेऊन अंग ताणलं, मागचा डावा पाय किंचित आत वळवला आणि पडून राहिला.

मी सतरंजी अंथरली. अजून माझ्या टाचा जमिनीला टेकत नाहीत.